सदतिसावा फोटो

दर महिन्याच्या पाच तारखेला सकाळी सकाळी बँकेचा एसएमएस येतो. ‘डिअर कस्टमर’ने सुरुवात आणि पुढे एक आकडा. तो आकडा वाचला की मी कपाट उघडते, कॅमेरा बाहेर काढते, दोन-चार डायल कटकट फिरवते आणि परत ठेवून देते. पैसे वसूल झाल्याचा फील येतो, बस्स! बारा हप्त्यांपैकी दोन गेलेत, दहा बाकी आहेत.

फ्रीलान्सरने ईएमआयवर कॅमेरा घेणं म्हणजे पावसाच्या भरवशावर लग्नाचा हॉल बुक करणं. हे वाक्य माझं नाही, आईचं आहे. तिचं दुसरं वाक्य असं, ‘एवढ्या पैशांत स्कूटर आली असती, वर वर्षाचं पेट्रोल.’ तिचं गणित बरोबर आहे, पण स्कूटर कोणी गळ्यात अडकवून मिरवत नाही ना!

तर मंडळी, मी निकॉनचा झेडएफ घेतला आणि दोन महिने वापरला. लॅबमध्ये टेस्ट वगैरे करणाऱ्यांपैकी मी नाही. मला लेख लिहायचे असतात आणि त्यासोबत फोटो द्यायचे असतात. त्यामुळे हे आहे आपलं घरगुती मत. पण एक सांगून ठेवते, या कॅमेऱ्याबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला कुठल्याही स्पेसिफिकेशनमध्ये सापडली नाही. ती सोलापुरात सापडली.

हा दिसतो कसा?

जुना! अगदी जाणूनबुजून जुना. काळं लेदरसारखं आवरण, वर पितळेच्या डायल्स, त्यावर कोरलेले आकडे. कॉफी शॉपमध्ये टेबलावर ठेवला की पाच मिनिटांत कोणीतरी विचारतंच, ‘रोलचा आहे का हो?’ सुरुवातीला मी ‘नाही नाही, डिजिटल आहे’ असं सविस्तर समजावायचे. आता नुसती हसते.

याचा चेहरा निकॉनच्याच एफएम२ वरून घेतलाय. तो फिल्मचा कॅमेरा १९८२ मध्ये आला आणि त्या काळातल्या प्रेस फोटोग्राफर मंडळींच्या खांद्यावर वर्षानुवर्षं लटकला. सगळा मेकॅनिकल मामला! बॅटरी फक्त प्रकाश मोजायच्या मीटरपुरती. ती संपली तरी शटर चालूच. स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये काढलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा जगप्रसिद्ध फोटोही एफएम२ वरचाच.

झेडएफ मात्र सप्टेंबर २०२३ मधला. आत २४.५ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम सेन्सर. आणि हा मिररलेस, म्हणजे काय? पूर्वीच्या एसएलआरमध्ये लेन्सच्या मागे आरसा असायचा. तो समोरचं दृश्य वरच्या प्रिझममध्ये आणि तिथून तुमच्या डोळ्यात पाठवायचा. फोटोच्या क्षणी आरसा वर उडायचा, तो ‘खटॅक’ आवाज त्याचाच. मिररलेसमध्ये आरशाची सुट्टी. सेन्सरला जे दिसतं, तेच तुम्हाला आतल्या छोट्या स्क्रीनवर दिसतं. फोटो काळा येणार की पांढराफटक, हे बटण दाबण्याआधीच कळतं.

गंमत म्हणजे झेडएफच्या डोक्यावर प्रिझमचा तो टिपिकल उंचवटा आहे, पण आत प्रिझम नाही. नऊवारी नेसून लॅपटॉपवर मीटिंग अटेंड करावी तसं काहीसं!

हा फंडा एकट्या निकॉनचा नाही. ऑलिंपसने २००९ मध्ये आपल्या जुन्या पेन कॅमेऱ्यांचं रूप परत आणलं. २०११ मध्ये फुजीफिल्मचा एक्स१०० बाजारात आला आणि लोक अक्षरशः वेडे झाले. निकॉननेही २०१३ मध्ये डीएफ आणि २०२१ मध्ये झेडएफसी काढून पाहिला. गिऱ्हाईक कोण? बऱ्याच अंशी आपली पिढी, जिने रोल धुवायला टाकताना बाबांना पाहिलं, स्वतः कधीच टाकला नाही. जे आपण जगलोच नाही त्याची आठवण आपल्याला विकत मिळते. आणि आपण ती घेतो, तीही हप्त्यावर!

काय आवडलं?

पहिलं म्हणजे डायल. कॅमेरा बंद असतानाही वरून नुसतं बघून कळतं की आयएसओ किती, शटर किती. मेन्यूच्या जंगलात शिरावं लागत नाही. शेजारी नखाएवढ्या खिडकीत अॅपर्चरचा आकडा दिसतो. ती खिडकी फार गोड आहे.

दुसरं, स्टेबिलायझेशन. कंपनी ८ स्टॉपपर्यंतचा दावा करते. आकडा सोडा, पण रात्री तुळशीबागेतल्या बंद दुकानांचे फोटो मी ट्रायपॉडशिवाय निवांत काढले. हात हलला तरी फोटो हलला नाही.

तिसरी, शटरच्या डायलखालची एक चिमुकली दांडी. फोटो, व्हिडिओ आणि ब्लॅक अँड व्हाइट. शेवटच्या खुणेवर सरकवली की आतलं सगळं जग कृष्णधवल. पहिला आठवडा मी रंगाकडे फिरकलेच नाही. चहाचा ग्लास ब्लॅक अँड व्हाइट, मांजर ब्लॅक अँड व्हाइट, आईचे पोहेसुद्धा! ‘कावीळ उतरलीय का पोह्यांची?’ आई.

चौथं, मागची स्क्रीन उलटी करून आत मिटता येते. मग पाठही जुन्या कॅमेऱ्यासारखी दिसते आणि दर फोटोनंतर ‘बघू कसा आला’ची सवय सुटते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काय खटकलं?

वजन. बॅटरी आणि कार्डासकट ७१० ग्रॅम, आणि उजव्या हाताला घट्ट धरायला फुगवटा नाही. जुन्या कॅमेऱ्यांना नव्हता म्हणून यालाही नाही. तासाभराने करंगळी तक्रार करते. वेगळी ग्रिप मिळते ती लावा, नाहीतर पट्टा चांगला रुंद घ्या.

कार्डाच्या जागा दोन, पण दुसरी मायक्रोएसडीची. ते नखाएवढं कार्ड बॅटरीच्या कप्प्यात खुपसायचं. नखं वाढवलेल्या मैत्रिणींनो, हे एक काम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमेल.

आणि डायल कधीकधी चक्क थापा मारतात. तुम्ही ‘ए’ मोडवर असाल तर शटरचा वेग कॅमेरा स्वतः ठरवतो. वरच्या डायलवर ऐटीत १२५ दिसत असतं आणि आत भलतंच काहीतरी चालू असतं. शिवाय एफएम२ मध्ये अॅपर्चरची कडी लेन्सवर असायची, आकडे कोरलेली. माझ्या ४० मिलिमीटरच्या लेन्सवर कडी आहे, पण आकडे नाहीत. चेहरा आजोबांचा, सवयी नातवाच्या!

आणि मग मी माती खाल्ली

तिसऱ्याच आठवड्यात काम आलं. ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्या आयटीतल्या मुलींवर लेख. नदीकाठी संध्याकाळचा सराव, पावसाळी उजेड. म्हटलं, आज सगळं मॅन्युअल. शटरची डायल ऐटीत ३० वर आणली, म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग. आतल्या स्क्रीनवर उजेड अगदी परफेक्ट दिसत होता. मी तासभर नुसती नाचत होते.

घरी येऊन लॅपटॉपवर पाहिलं तर प्रत्येक मुलीच्या खांद्यापुढे धूर! हात नाही, टिपरू नाही, नुसता धूर. स्टेबिलायझेशन माझा हात स्थिर ठेवतं, समोरच्या मुलीचा नाही. उजेड किती येणार हे मिररलेस आधी सांगतो, समोरचा हलला तर काय होणार हे बटण दाबल्यावरच कळतं. एवढी साधी गोष्ट मास कॉमची डिग्री घेतलेल्या मला सुचली नाही. चूक शंभर टक्के माझी. एडिटर फोनवर फक्त ‘हं’ म्हणाल्या. त्या ‘हं’ने मला हप्त्याच्या एसएमएसपेक्षा जास्त घाबरवलं. दुसऱ्या दिवशी परत गेले, शटर ५०० वर ठेवलं, आयएसओ वाढवला आणि निमूटपणे काम केलं.

त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, आपण कॅमेरा घेतलाय की दागिना? आणि मला मामा आठवला.

सोलापूर, शनिवार

माझा मामा सोलापुरात एका पेपरात फोटोग्राफर होता. त्याच्याकडे एफएम२ होता. सेकंडहँड घेतलेला, सोळा वर्षं वापरलेला आणि २००४ मध्ये डिजिटलसाठी विकलेला. आता तो निवृत्त आहे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. मला वाटलं, कॅमेरा बघून तो खूश होईल, डोळ्यात पाणीबिणी येईल. मी तर त्याचाही फोटो काढायच्या तयारीत होते!

मामाने कॅमेरा हातात घेतला, उलटासुलटा केला, डोळ्याला लावला आणि मामीकडे बघून बटण दाबलं. आणि लगेच त्याचा उजवा अंगठा आपोआप मागे गेला, काहीतरी पुढे ढकलायला. तिथे काहीच नव्हतं. फिल्म पुढे सरकवायची लिव्हर असायची ती. एफएम२ मध्ये ती जराशी बाहेर ओढल्याशिवाय शटरचं कुलूपच उघडायचं नाही. वीस वर्षं झाली कॅमेरा विकून, पण अंगठ्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मामा हसला. ‘एवढं सगळं केलं आणि लिव्हर विसरले व्हय?’

‘अरे मामा, फिल्मच नाहीये तर लिव्हर कशाला?’

‘मग प्रिझमच्या जागेला टेंगूळ कशाला ठेवलं?’

याला उत्तर नव्हतं. मी ब्लॅक अँड व्हाइटची दांडी सरकवून दाखवली. त्याने आत पाहिलं आणि कॅमेरा खाली घेतला.

‘हे स्टाइल म्हणून करता तुम्ही?’

‘मग! क्लासिक दिसतं.’

‘आमचा पेपर काळा-पांढरा छापायचा, म्हणून आम्ही काळा-पांढरा काढायचो. रंगीत परवडत असता तर कोणी काढला असता?’

मग त्याने ऐकवलेच. मोठं फिल्मचं रीळ आणायचं, अंधाऱ्या खोलीत हाताने तुकडे कापून रोल भरायचे. छत्तीस फोटो. कुठल्या बातमीला किती खर्च केले याची वहीत नोंद. सत्कार असेल तर तीन, अपघात असेल तर सहा. ‘तुम्ही ज्याला मजा म्हणता ना, त्यातनं सुटायला आम्ही डिजिटल घेतला.’ एक गोष्ट मात्र त्याला मनापासून आवडली. फोकस हाताने करतानाही झेडएफ समोरच्याचा डोळा शोधून चौकट दाखवतो. मामीच्या डोळ्यावर चौकट आली तसा तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘हे तेव्हा पाहिजे होतं गं.’

जेवताना, शेंगाचटणी आणि कडक भाकरी समोर असताना, मी सहज विचारलं, ‘कधी रोल मधेच संपला का रे?’

‘एकदा संपला,’ तो म्हणाला. ‘किल्लारीला.’

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले आणि पहाटे चारच्या सुमाराला भूकंप. दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर पडल्या. हजारो माणसं गेली. मामा सकाळीच ऑफिसच्या जीपने निघाला होता, दोन रोल घेऊन.

‘दुपारपर्यंत दीड रोल झाला. मग एक बाई दिसली. मांडीवर पोरगं होतं. रडत नव्हती. त्याच्या केसांतली माती काढत होती, एकेक खडा. मी कॅमेरा वर केला. तिनं बघितलं माझ्याकडं. मी खाली केला. शेजारी एक माणूस होता, तो म्हणाला, काढा की साहेब, पेपरात येऊ द्या. मी म्हटलं, रोल संपला.’

‘आणि खरंच संपला होता?’

‘चार फोटो शिल्लक होते.’

मामी भाकरी वाढायची थांबली. तिने हे आधी ऐकलं होतं की नव्हतं, मला कळलं नाही.

‘बरोबर केलंस मामा,’ मी म्हटलं.

‘काय माहीत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका पेपरात तसाच फोटो आला. दुसरी बाई, दुसरं पोर. चांगला फोटो होता. साहेबांनी माझ्यापुढं ठेवला, बोलले काही नाहीत. तसले फोटो बघूनच लोकांनी ट्रकच्या ट्रक भरून धान्य पाठवलं असणार. मग मी बरोबर केलं का चूक केलं? तीस वर्षं झाली, मला सांगता येत नाही.’ त्याने ताटातली चटणी बोटाने गोळा केली. ‘पण एक बरं होतं. रोल संपला म्हणता यायचं. लोकांना पटायचं. तुझ्या या यंत्रात किती फोटो मावतात?’

मी मनातल्या मनात हिशोब केला. माझ्या कार्डात हजारो. आणि बटण दाबून धरलं तर एका सेकंदात १४. मामाचा अख्खा रोल तीन सेकंदही टिकला नसता.

‘भरपूर,’ मी म्हटलं.

‘मग तू थांबतीस कशावरनं?’

हे त्याने टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी काहीतरी मोघम बोलले, प्रोफेशनल एथिक्स वगैरे. पोस्ट ग्रॅज्युएशनला त्यावर एक अख्खा पेपर होता मला. बासष्ट मार्क.

पुणे, पुढचा गुरुवार

सदाशिव पेठेतला एक वाडा पाडायचा होता. रीडेव्हलपमेंट. शेवटचं बिऱ्हाड एका आजींचं, लग्न होऊन आल्या त्या तिथेच राहिलेल्या. मला त्यांची छोटीशी मुलाखत आणि तीन फोटो हवे होते. आजी एकदम गप्पिष्ट. माझा कॅमेरा बघून म्हणाल्या, ‘आमच्या ह्यांच्याकडे अस्साच होता.’ त्यांनी मला तुळशीपाशी, जिन्यात आणि ओट्यावर पोझ दिली. स्क्रीन मी आत मिटून ठेवली होती, रेंजफाइंडरवाल्या काकांसारखी ऐट करायला.

सामानाचा टेम्पो गेला. आजींनी दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं. किल्ली काढली आणि ती कोणाला द्यायची हे त्यांना सुचेना. दुसऱ्या दिवशी दारच राहणार नव्हतं. त्या किल्ली हातात घेऊन दाराला कपाळ टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

माझा कॅमेरा डोळ्यालाच होता. उजेड तिरका, सुंदर. चौकट आपोआप त्यांच्या डोळ्यावर जाऊन बसली. माझं बोट बटणावर होतं आणि खरं सांगते, मी ते दाबलं होतं. नऊ फ्रेम गेल्या होत्या. मग आजींनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं.

मी कॅमेरा खाली घेतला.

पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, ‘काढलास का गं फोटो?’

‘नाही आजी,’ मी म्हटलं. ‘रोल संपला.’

त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. पितळी डायल, काळी पाठ, ‘ह्यांच्यासारखाच’ कॅमेरा. त्यांना पटलं.

‘बरं झालं बाई,’ त्या म्हणाल्या आणि नाक पुसून हसल्या. ‘नाहीतर पेपरात रडका चेहरा.’

मी एडिटरना तीन फोटो पाठवले. तुळस, जिना, ओटा. त्यांनी विचारलं, ‘निघतानाचा एखादा नाही?’ मी नाही म्हटलं. ती नऊ फ्रेमची मालिका मी रात्री एकदाच पाहिली. चांगली होती. फार चांगली होती. मग डिलीट केली. बरोबर केलं का? मामाच्या शब्दांत, काय माहीत. वाडा जातोय हे लोकांच्या मनाला भिडायला कदाचित तोच फोटो लागला असता.

मग घ्यावा का?

प्रॅक्टिकल उत्तर असं. तुम्हाला फोटो हवेत, बाकी झंझट नको असेल, तर याच पैशांत धरायला सोपे आणि हलके कॅमेरे मिळतात. लग्नं आणि इव्हेंट करणार असाल तर ग्रिपशिवाय जाऊ नका. पण डायल फिरवल्यावर आपण काय करतोय हे ज्याला समजून घ्यायचंय, त्याला हा कॅमेरा शिकवतो. चुका करायला लावून शिकवतो. फक्त घेताना ‘जुने दिवस’ विकत घेतोय असं समजू नका. डायल दिल्या, पितळ दिलं, उंचवटासुद्धा दिला. छत्तीसनंतर थांबवणारी ती फिल्म मात्र दिलेली नाही. ते काम आपलं.

मामाला फोन करून आजींची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘नऊ गेल्या होत्या का?’

‘हो.’

‘जास्तच झाल्या. पुढल्या वेळी लवकर संपव.’

पाच तारीख जवळ आलीय. दहा हप्ते बाकी आहेत.